‘चालकाचा ताबा सुटला’: एका वाक्याविरुद्धचा इतिहास

१/
‘चालकाचा ताबा सुटल्याने ट्रॅक्टर उलटला, चालक जागीच ठार.’ मराठी वृत्तपत्रांच्या जिल्हा पानांवर हे वाक्य इतक्या वेळा छापून आले आहे, की त्यावर आता नजरही ठरत नाही. ट्रॅक्टरच्या जागी कधी खाणीतला डोझर असतो, कधी रस्त्याच्या कामावरचा रोलर, कधी दगडखाणीतला लोडर. वाक्य तेच राहते. पुष्कळदा त्याला एक शेपूटही जोडलेले असते: हयगयीने वाहन चालवून स्वतःच्या मृत्यूस कारणीभूत ठरल्याबद्दल मृत चालकावरच गुन्हा दाखल.

२/
या वाक्यात दोन घटना आहेत. यंत्र उलटले ही एक, माणूस मेला ही दुसरी. पहिली घडली म्हणजे दुसरी घडणारच, असे वाक्याची ठेवण सुचवते. हे सुचवणे खोटे आहे आणि ते खोटे असल्याचे जगाला निदान १९५९ पासून ठाऊक आहे. चालकाच्या आसनाभोवती हिशेबाने बांधलेली पोलादी चौकट आणि कमरेला एक पट्टा, एवढ्या दोन गोष्टींनी उलटणे आणि मरणे यांच्यातला दुवा तुटतो. इंग्रजी आद्याक्षरांवरून या चौकटीला ‘रोप्स’ म्हणतात. तिला ‘उलटरोधक’ म्हणणे चुकीचे ठरेल, कारण ती यंत्राला उलटू देते. खालच्या माणसाला चिरडू देत नाही इतकेच. म्हणून या धाग्यात तिला संरक्षक चौकट म्हटले आहे.

३/
इतकी साधी वस्तू यायला इतका उशीर का लागला? आणि आल्यावर ती कोणाच्या डोक्यावर आली व कोणाच्या डोक्यावर आली नाही? यंत्रांचे लोकप्रिय इतिहास या प्रश्नांना बगल देतात. त्यांत अश्वशक्ती असते, कल्पक अभियंते असतात, हलवलेल्या मातीचे घनमीटर असतात. आसनावर बसलेला माणूस छायाचित्रात दिसतो, मजकुरात मात्र तो नसतो.

४/
छायाचित्रांपासूनच सुरुवात करावी. १९४२ च्या मार्चमध्ये अमेरिकी सैन्याने कॅनडाच्या अरण्यातून अलास्का महामार्गाचे काम सुरू केले आणि ऑक्टोबरअखेर सुमारे २,७०० किलोमीटरची वाट उघडली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आसामातल्या लेडोपासून ब्रह्मदेशाच्या डोंगरांत शिरणाऱ्या लेडो रस्त्याचे काम हाती घेतले गेले. दोन्ही ठिकाणच्या चित्रांचा नायक बुलडोझर आहे. बहुतेक चित्रांत चालक उघड्या आसनावर बसलेला दिसतो. खाली दरी, वर कोसळू पाहणारा कडा, पायांखाली पावसाने भिजलेला भराव आणि डोक्यावर आकाश. ही चित्रे शौर्याची म्हणून मिरवली जातात. शौर्य त्यांत आहे, यात शंका नाही. पण त्या माणसाच्या पाठीमागे दोन खांब उभे करण्याइतके पोलाद ज्या सैन्याकडे नव्हते, असे सैन्य ते नव्हते.

५/
आता उलटण्याची क्रिया नीट समजून घेतली पाहिजे, कारण ‘ताबा सुटला’ या शब्दांचा सगळा जोर तिच्याविषयीच्या अज्ञानावर उभा आहे. मागची चाके चिखलात रुतली किंवा मागे जोडलेला भार हलेना, की इंजिनाचा जोर चाकांऐवजी ट्रॅक्टरच्या धडालाच मागच्या आसाभोवती फिरवू लागतो. पुढची चाके जमीन सोडतात. तिथून परतीची शक्यता संपायला सुमारे पाऊण सेकंद लागतो, आणि यंत्र पाठीवर आदळायला एकूण दीड सेकंद. काय घडते आहे हे उमगून क्लचवर पाय जाईपर्यंत तो पाऊण सेकंद बहुधा सरलेला असतो.

६/
डोझर, स्क्रेपर, ग्रेडर यांची तऱ्हा वेगळी. ते बहुधा बाजूला कलतात. भरावाची कड खचते, किंवा उतारावर एका बाजूच्या पट्ट्याखाली दगड येतो. गुरुत्वमध्याची उभी रेषा चाकांच्या किंवा पट्ट्यांच्या पायाबाहेर गेली, की पुढे चालकाने करण्याजोगे काही उरत नाही. या वेळी उडी मारणारा वाचतो, अशी कामाच्या जागांवर जुनी समजूत आहे. प्रत्यक्षात उडी मारणारा माणूस यंत्र ज्या बाजूला येते आहे त्याच बाजूला, त्याच्या वाटेतच, पडण्याचा धोका मोठा असतो. पण चौकट नसलेल्या यंत्रावर बसून राहणेही मरणच असल्यामुळे ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या टिकली. तिला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. तो दोन मृत्यूंमधला बरा पर्याय शोधण्याचा प्रयत्न होता.

७/
मग दोष चालकाचा, ही कल्पना शास्त्रीय पोशाखात कधी आली? १९३१ साली. अमेरिकेतील ट्रॅव्हलर्स या विमा कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट हाइनरिक यांनी औद्योगिक अपघातांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. ७५,००० अपघातांच्या नोंदी तपासून त्यांनी निष्कर्ष काढला की ८८ टक्के अपघात माणसाच्या असुरक्षित कृतीमुळे, १० टक्के असुरक्षित परिस्थितीमुळे होतात आणि उरलेले २ टक्के टाळता न येणारे असतात. पुढच्या कित्येक दशकांत कारखान्यांच्या भिंतींवर, प्रशिक्षणवर्गांत आणि चौकशी अहवालांत हे आकडे गणिती सत्यासारखे वावरले.

८/
हे आकडे कुठून आले? विम्याच्या दाव्यांतून आणि कारखानदारांच्या दप्तरांतून. म्हणजे ज्याला भरपाई द्यायची होती आणि ज्याच्यावर दोष येऊ शकत होता, त्या दोघांच्या कागदांतून. मेलेला माणूस अहवाल लिहीत नाही. त्यातही प्रत्येक अपघाताच्या नावावर एकच कारण मांडायची पद्धत. चालकाने उतारावर वळण घेतले आणि यंत्रावर चौकट नव्हती, अशी दोन कारणे समोर आली तर खाते पहिल्याच्याच नावे उघडले जाई. न्यायासाठी नोंदवले पाहिजे की खुद्द हाइनरिक यंत्रांना कठडे, जाळ्या बसवण्याच्या बाजूचे होते. पण वाचणारांनी त्यांच्या ग्रंथातून सोयीचे तेवढे उचलले. ८८ हा आकडा मालकांना फुकट मिळालेला जामीन ठरला.

९/
याच्या उलट दिशेने विचार करणारा माणूस विमानाच्या ढिगाऱ्यातून बाहेर आला होता. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, ह्यू डिहेवन हा उमेदवार वैमानिक प्रशिक्षणादरम्यान विमान कोसळूनही वाचला. आपण का वाचलो, हा प्रश्न त्याने आयुष्यभर सोडला नाही. १९४२ मध्ये त्याने एक विलक्षण निबंध प्रसिद्ध केला. ५० ते १५० फुटांवरून पडूनही जिवंत राहिलेल्या माणसांच्या पडण्याचे ते यांत्रिक विश्लेषण होते. निष्कर्ष असा, की मानवी शरीर समजले जाते त्याहून पुष्कळ अधिक सोसते, जर आघात पसरला गेला आणि शरीराभोवतीची जागा शाबूत राहिली तर. काचेची भांडी पेटीत भरताना दुकानदार जी काळजी घेतो, तीच माणसाला वाहनात बसवताना घ्यावी, हे त्याच्या पुढच्या साऱ्या कामाचे सूत्र.

१०/
अपघात होऊच नये म्हणून माणसाला उपदेश करणे ही एक विचारसरणी. अपघात होणारच, तेव्हा माणूस मरू नये म्हणून यंत्र बदलणे ही दुसरी. पहिली स्वस्त होती. तिला एक भित्तिपत्रक पुरे. दुसरीला पोलाद लागत होते, आणि पोलादाची किंमत कोणाला तरी मोजावी लागते.

११/
किंमत कोणी मोजायची, हा प्रश्न कायद्याने निकालात काढणारा पहिला देश स्वीडन. १९५० च्या दशकात तिथे ट्रॅक्टरांवरच्या चौकटींच्या चाचण्या सुरू झाल्या. साखळीने टांगलेला अवजड लंबक मागे खेचून चौकटीवर सोडायचा आणि ती किती वाकते, चालकाच्या जागेत किती शिरते, हे मोजायचे. पुढे ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या चाचणीसंहितेत २,००० किलोग्रॅमचा लंबक ठरला तो याच परंपरेतून. आणि १९५९ मध्ये स्वीडनने नियम केला: यापुढे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या ट्रॅक्टरला संरक्षक चौकट असलीच पाहिजे. योगायोग पाहण्यासारखा आहे. मोटारीतला तीन बिंदूंचा सीटबेल्ट त्याच देशात, त्याच वर्षी बाजारात आला. सीटबेल्टचा जनक नील्स बोलिन आज प्रश्नमंजूषेत विचारला जातो. ट्रॅक्टरच्या चौकटीबद्दल कोणी विचारत नाही.

१२/
स्वीडन नव्या ट्रॅक्टरांपाशी थांबला नाही, हे अधिक महत्त्वाचे. पगारी माणसाकडून चालवल्या जाणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरांना १९६५ पासून आणि सरसकट सर्व ट्रॅक्टरांना १९८३ पासून चौकट बंधनकारक झाली. परिणाम? १९५७ मध्ये दर एक लाख ट्रॅक्टरांमागे उलटण्याने होणारे मृत्यू १७ होते. १९९० मध्ये ते ०.३ वर आले.

१३/
८८ टक्क्यांचा सिद्धान्त मानणाऱ्यांनी या दोन आकड्यांना उत्तर द्यावे. त्या तेहेतीस वर्षांत स्वीडनचे शेतकरी पन्नासपट सावध झाले काय? त्यांचे उतार सपाट झाले? त्यांच्या चिखलाने चाके गिळायची सोडली? ट्रॅक्टर पुढेही कलत राहिले, उलटत राहिले. चालकाचा ताबा स्वीडनमध्येही सुटतच होता. तो सुटल्यावर देहदंड देणे तेवढे बंद झाले.

१४/
खाणी आणि बांधकामाच्या यंत्रांची कथा अमेरिकेत घडली, आणि तिथे तिची वाट निराळी होती. उतारावर काम, वरून पडणारी झाडे आणि दगड, यांमुळे डोझरवर मजबूत छत बसवण्याची चाल काही ठिकाणी आधीपासून होती. पण छत म्हणजे चौकट नव्हे. वरून पडणाऱ्या ओंडक्याला अडवणारे छत यंत्राचे स्वतःचे वजन अंगावर येताच कागदासारखे मिटू शकते. खरी सक्ती सुरू केली ती काही मोठ्या सत्तांनी: कॅलिफोर्निया राज्य, सैन्याचे अभियंता दल आणि धरणे-कालवे बांधणारा ब्यूरो ऑफ रेक्लमेशन. १९७२ मधल्या देशव्यापी नियमाने या तिघांच्या आधीच्या नियमांप्रमाणे बसवलेल्या चौकटी ग्राह्य धरल्या. देशाचा कायदा येण्यापूर्वीच यंत्रे चौकटीसह बनू शकत होती, विकली जाऊ शकत होती आणि धरणेही बांधून होत होती, याचा तो नियमच लेखी पुरावा आहे.

१५/
चौकटीची परीक्षा कशी घेतात, हे थोडे तपशिलात पाहण्याजोगे आहे. आंतरराष्ट्रीय मानक ३४७१ माती हलवणाऱ्या यंत्रांना लागू होते. त्यात चौकटीला प्रथम बाजूने रेटतात, मग वरून दाबतात, मग लांबीच्या दिशेने ढकलतात. तिन्ही परीक्षा त्याच एका चौकटीवर, मध्ये दुरुस्ती न करता. दहा टनांच्या पट्टेवाल्या डोझरसाठी बाजूचा रेटा ७० किलोन्यूटन ठरतो, आणि वाकताना तिने १३,००० ज्यूल ऊर्जा गिळावी लागते. ही ऊर्जा म्हणजे तोच दहा टनांचा डोझर सुमारे तेरा सेंटिमीटर उंचीवरून पडल्यास जितकी निघेल तितकी. वरून दाबताना तिला यंत्राच्या दुप्पट वजन पेलावे लागते. आसनावर बसलेल्या माणसाच्या आकाराची एक काल्पनिक जागा आधीच आखलेली असते. चौकट वाकली तरी चालेल, किंबहुना वाकलीच पाहिजे, कारण न वाकणारी चौकट तुटते. त्या जागेत मात्र तिने शिरता कामा नये.

१६/
या मानकाची मर्यादाही सांगितली पाहिजे. कठीण मातीच्या, ३० अंशांपर्यंतच्या उतारावर, जमिनीचा स्पर्श न सोडता यंत्र एक पूर्ण कोलांटी खाईल, अशी त्यात कल्पना आहे. खाणीच्या उभ्या कड्यावरून खाली पडणाऱ्या यंत्राला ते अभय देत नाही. त्यासाठी कडेला मातीचा बांध हवा. अमेरिकी खाणनियमांत तो निदान सर्वांत मोठ्या वाहनाच्या आसाच्या मध्याइतका उंच असावा लागतो. चौकट सर्व काही करत नाही, म्हणून ती नकोच, असा युक्तिवाद ज्यांनी केला त्यांनी छत्री पुरात वाहून जाते म्हणून पावसात भिजत जावे.

१७/
आता तारखांकडे यावे. अमेरिकेत १९६९ च्या अखेरीस कोळसा खाण सुरक्षा कायदा झाला आणि १९७० च्या अखेरीस सर्वसाधारण कामगार सुरक्षा कायदा. पहिल्यामागे फार्मिंग्टनच्या कोळसा खाणीतला स्फोट होता. २० नोव्हेंबर १९६८ ला तिथे ७८ माणसे एकदम मेली आणि देश हादरला. यंत्र उलटून मरणारा माणूस एकटा मरतो. त्याच्यासाठी संसद हादरत नाही. आठवड्याला एक याप्रमाणे ७८ माणसे दीड वर्षात मेली, तर ती ७८ वेगवेगळ्या गावांतल्या ७८ छोट्या बातम्या होतात, आणि प्रत्येकीत ताबा सुटलेला असतो. इतिहास लिहिणारे जेव्हा मोठ्या दुर्घटनांचीच कालरेषा आखतात, तेव्हा तेही नकळत हाच हिशेब पुढे चालवतात.

१८/
आणि नियम आले तेव्हा त्यांत १ जुलै १९६९ ही तारीख आली. बांधकामाच्या नियमात त्या दिवसापासून पुढे बनलेल्या यंत्रांना टप्प्याटप्प्याने, १९७४ च्या आरंभापर्यंत, चौकट बसवण्याची सक्ती होती. त्याआधीच्या यंत्रांना नव्हती. धातू व अधातू खनिजांच्या पृष्ठभागावरील खाणींच्या नियमांतही तीच तारीख सूट म्हणून बसली. कारण असे दिले जाई की जुन्या यंत्रांच्या सांगाड्याला चौकटीचा भार घेण्याची सोय नाही. काही यंत्रांबाबत ते खरेही असेल. पण डोझर हे मोटारीसारखे दहा वर्षांत भंगारात जाणारे यंत्र नाही. इंजिन बदला, पट्टे बदला, तो चालतच राहतो. जुने यंत्र कोणाच्या हाती पडते? लहान ठेकेदाराच्या, त्याहून लहान खाणमालकाच्या, आणि शेवटी त्यांच्याकडे मिळेल त्या मजुरीवर राबणाऱ्या चालकाच्या. एका तारखेने चालकांच्या दोन जाती पाडल्या.

१९/
शेतीत याहून मोठे भगदाड ठेवले गेले. २५ ऑक्टोबर १९७६ नंतर बनलेल्या ट्रॅक्टरांना चौकट हवी, पण ते ट्रॅक्टर पगारी कामगार चालवत असेल तर. शेतकरी, त्याची बायको, त्याचा पंधरा वर्षांचा मुलगा हे कामगार नव्हेत, म्हणून कायद्याच्या दृष्टीने त्यांच्या डोक्याला वजन नव्हते. त्यातच दहा किंवा त्याहून कमी मजूर असलेल्या शेतांवर अंमलबजावणीसाठी पैसा खर्च करण्यास काँग्रेसने मनाई करून ठेवली. लहान शेतकऱ्याच्या स्वातंत्र्याचे रक्षण, असे तिचे गोजिरवाणे नाव. अमेरिकेतील उत्पादकांनी वीस अश्वशक्तीपुढच्या सर्व नव्या ट्रॅक्टरांवर आपणहून चौकट देण्याचे मान्य केले ते १९८५ मध्ये. स्वीडनच्या नियमाला तेव्हा सव्वीस वर्षे झाली होती.

२०/
इथे एक लाडकी दंतकथा आडवी येते. जॉन डिअर कंपनीने १९६६ मध्ये आपली चौकट बाजारात आणली आणि तिचे हक्क इतर उत्पादकांना विनामूल्य खुले केले, हे खरे आहे आणि त्याचे श्रेय कंपनीला द्यावेच लागेल. पण या कथेचा उत्तरार्ध क्वचित सांगितला जातो. चौकट ऐच्छिक होती. हवी असेल त्याने वेगळे पैसे मोजून घ्यायची. १९६६ ते १९८५ ही एकोणीस वर्षे तंत्रज्ञान होते, हक्क खुले होते, कारखाने सज्ज होते, आणि चौकटीविना ट्रॅक्टर शेतांत उतरतच राहिले. औदार्याने जे काम होत नाही ते सक्तीने होते, याचा याहून स्वच्छ प्रयोग इतिहासात सापडणे अवघड आहे. त्या वर्षांतले ट्रॅक्टर अजूनही चालू आहेत. म्हणून न्यूयॉर्क राज्याला २००६ पासून जुन्या ट्रॅक्टरांवर चौकट बसवण्यासाठी शेतकऱ्यांना खर्चाचा मोठा हिस्सा परत देण्याची योजना चालवावी लागली.

२१/
विरोधकांचे सगळेच आक्षेप पोकळ नव्हते. फळबागेत उंच चौकट फांद्यांत अडकते. त्यावर मिटणारी चौकट निघाली, आणि मग ती कायम मिटलेलीच ठेवण्याची नवी खोड निघाली. ब्रिटनमध्ये १९७० पासून नव्या ट्रॅक्टरांवर सुरक्षित कॅब बंधनकारक झाली, तेव्हा पत्र्याच्या त्या खोलीत इंजिनाचा आवाज इतका घुमू लागला की चिरडण्यापासून वाचलेला चालक बहिरा होण्याची वेळ आली. तिथे कॅब काढून टाकली गेली नाही. काही वर्षांत चालकाच्या कानाशी ९० डेसिबलची मर्यादा घालणारा आणखी एक नियम आला, आणि उत्पादकांनी शांत कॅब बनवल्या. त्या बनवता येत होत्याच.

२२/
पट्ट्याचा प्रश्नही असाच. चौकट असेल तर पट्टा हवाच, नाहीतर माणूस सुरक्षित जागेतून बाहेर फेकला जातो आणि चौकटीखालीच सापडतो. चौकट नसेल तर पट्टा बांधणे म्हणजे स्वतःला यंत्राखाली जखडून घेणे. ‘ऑपरेटर बेल्ट लावत नाहीत’ अशी तक्रार करणाऱ्याने प्रथम वर पाहावे. तिथे काय आहे?

२३/
भारतात हा इतिहास अर्धा पोचला आहे. मोठ्या उघड्या कोळसा खाणींतल्या नव्या डोझरांवर, लोडरांवर चौकटीची कॅब असते. चंद्रपूर-वणी पट्ट्यातही ती दिसेल. ट्रॅक्टरांसाठी आयएस ११८२१ हे भारतीय मानक आहे. म्हणजे चौकट कशी तपासावी हे देशाला माहीत आहे. भारतीय कारखान्यांत बनून अमेरिकेत जाणाऱ्या ट्रॅक्टरांवर ती चौकट बसते. देशातल्या शेतकऱ्याला विकला जाणारा ट्रॅक्टर मात्र बहुतांशी तिच्याविना विकला जात आला आहे. तोच कारखाना, तेच पोलाद, वेल्डिंग करणारे हातही तेच. फरक फक्त आसनावर बसणाऱ्या माणसाच्या देशाचा.

२४/
किमतीचा मुद्दा इथे लगेच पुढे केला जातो. शेतकऱ्याला परवडणार नाही. हे म्हणणाऱ्यांनी गाळपाच्या हंगामात कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडच्या कुठल्याही रस्त्यावर उभे राहावे. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला, उसाने लादलेला ट्रॅक्टर चढ चढताना पुढची चाके उचलतो, हे तिथे लहान पोरालाही माहीत असते. त्या ट्रॅक्टरवर गाणी वाजवणारे मोठे कर्णे असतात, रंगीत दिवे असतात, गोंडे असतात, आणि पुष्कळदा गावातल्या वेल्डिंगच्या दुकानातून करून घेतलेले लोखंडी छतही असते. म्हणजे डोक्यावर लोखंड हवे, हे चालकाला पटलेले आहे आणि त्यासाठी त्याने खिशातून पैसेही मोजले आहेत. ते छत उन्हापासून वाचवते. ट्रॅक्टर पाठीवर आला तर त्याचे पातळ नळे किती टिकतील, हे कोणी कधी मोजलेले नसते, कारण मोजायला लावणारा कोणी नाही.

२५/
अमेरिकेच्या १९७२ च्या नियमात एक छोटी तरतूद आहे. प्रत्येक चौकटीवर न पुसली जाणारी पट्टी हवी, आणि तीवर चौकट बनवणाऱ्याचे नाव व पत्ता, चौकटीचा क्रमांक, ती कोणत्या यंत्रासाठी बनवली आहे त्याचे नाव, एवढे कोरलेले असावे. माणूस मेला तर कोणाला जबाबदार धरायचे, हे आधीच लिहून ठेवण्याची ती सोय आहे. उसाच्या ट्रॅक्टरवरच्या छतालाही पट्टी असते. तीवर मालकाचे नाव असते, गावाचे नाव असते, आणि बहुधा ‘आईचा आशीर्वाद’.